मनोरा भंगारात काढण्याआधी

मा. संपादक,

‘टीव्हीचे मनोरे आता कशाला हवेत, भंगारात काढा’ या आशयाचे पत्र आपल्या अंकात वाचले. दूरदर्शनचे छपरावरच्या अँटेनाने दिसणारे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत देशात बहुतेक ठिकाणी बंद झाले, हे खरेच. पण मनोरा म्हणजे टीव्ही नव्हे. त्याच लोखंडावर एफएमचा अँटेनाही असू शकतो, आणि एफएमला उंची लागते.

हिशेब सोपा आहे. मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा. सपाटीवर साधारण तेवढे किलोमीटर लहर पोचते. १०० मीटरला ४१. सिंहगडाचा माथा सोलापूरच्या पातळीहून सुमारे साडेआठशे मीटर उंच, तरी तिथल्या मनोऱ्याची मजल सव्वाशे किलोमीटरच्या आसपास संपते; आपण २४० वर. पुण्याला डोंगर आयता मिळाला. आपल्याकडे माळरान, उंची लोखंडानेच गाठायची.

मीडियम वेव्हचा, म्हणजे आकाशवाणीच्या जुन्या लांब पल्ल्याच्या रेडिओचा मनोरा तर स्वतःच अँटेना. म्हणून तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो, त्याला चहूबाजूंनी सरळ धरणाऱ्या ताणतारांतही मध्ये मध्ये इन्सुलेटर असतात. पायाभोवती जमिनीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या. त्या चोरीला गेल्या की मनोरा दिसायला ठणठणीत, पण लांबच्या गावांत आवाज बसलेला.

खरी काळजी दिव्यांची. विमानांसाठी असे मनोरे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांत रंगवतात. टोकाचे दोन्ही पट्टे नारिंगीच, म्हणून पट्टे नेहमी विषम, बहुधा सात. रात्री लाल दिवे. दिव्याच्या पेटीत केबल शिरते तिथले रबर उन्हाने तडकते, पहिल्याच पावसात पाणी आत जाते आणि दिवा जातो. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ पासून पुन्हा प्रवासी विमाने सुटू लागली आहेत. विमानांच्या वाटेत येते म्हणूनच सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली गेली, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

एखादा मनोरा काढायचाच ठरला, तर तो चिमणीसारखा एका झटक्यात पाडू नये. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी फिरते. तात्पुरते ताण देत वरून एकेक तुकडा उतरवावा लागतो. ठेवायचा असेल, तर मेअखेर माणूस वर चढवून दिवे, बोल्ट आणि ताणतारांचे टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचे स्क्रू) तपासून घ्यावेत, आणि बंद दिव्याची तक्रार कुठे करायची ते कुंपणावर मराठीत लिहावे.

– प्रसारण क्षेत्रातील काही निवृत्त तंत्रज्ञ, सोलापूर