होडीतून उतरायचं नाही

फोंडा, गोवा
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज जेवताना ऐकला, मग भांडी घासताना पुन्हा ऐकला. बाहेर धो धो पाऊस, लाइट दोनदा गेली. म्हटलं, फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा बसून लिहूनच काढू.

पुण्यात रोल-प्लेइंगसाठी, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन बोलत बोलत गोष्ट घडवायच्या खेळासाठी, पाच जण जमवलेस, पाचही जणांनी मन लावून पात्रं केली, आणि पहिल्या सेशनला, म्हणजे पहिल्या बैठकीला, ती पात्रं पाच कोपऱ्यांत गप्प बसून राहिली. "मास्तर, यांना एकत्र आणू कसं?" असं तू मला, आपला खेळ चालवणाऱ्या जुन्या मास्तरला, विचारतोस आणि मला हसू येतं. आपल्या पहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चाललेल्या गोष्टीत, कोपऱ्यात बसणारा तूच होतास ना रे! टोपी डोळ्यांवर ओढलेला, कुणाशी न बोलणारा चोर. मी हौसेने तावेर्न, म्हणजे आपला गुत्ता, उभं केलं होतं: ओली बाकं, काजूच्या उर्राक दारूचा वास, गल्ल्यामागे एकडोळ्या म्हातारा. तुझं पहिलं वाक्य काय, तर "मी दारातून बाहेर जातो." पुढची चाळीस मिनिटं मी तुला एकट्याला गल्लीबोळ फिरवत होतो आणि बाकीच्या चौघांनी मिरची भजीचं ताट साफ केलं.

दोष तुझा नव्हता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असलाच खेळ १९७४ साली अमेरिकेत आला, तेव्हापासून अनोळखी माणसं गुत्त्यात भेटतात आणि तासाभरात एकमेकांसाठी जीव द्यायला तयार होतात, असं सगळ्यांनी गृहीतच धरलंय. मीही धरलं. वास्तविक आपल्या तावेर्नात अनोळखी माणूस पाच मिनिटंसुद्धा अनोळखी राहत नाही. बाकावर टेकायच्या आत कुणीतरी विचारतंच, "गांव खंयचो?" मग वाडा, मग देऊळ नाहीतर इगर्ज (चर्च), मग "म्हणजे तू त्या अमक्याचा भाचा!" अमक्याने वीस वर्षांपूर्वी कुणाच्या काजूच्या झाडावरून भांडण काढलेलं असतं, तेही लगेच निघतं. हे मी रोज बघत होतो, आणि टेबलावर मात्र पाच परके आणून ठेवत होतो.

आता मी पात्रांचे आकडे (ताकद, कसब वगैरे) मांडायच्या आधी एक संध्याकाळ नुसती बोलण्यात घालवतो. त्याला सेशन झिरो म्हणतात हे तुला माहीत आहेच. त्यातली एक युक्ती 'फेट' नावाच्या खेळातून उचललीये. प्रत्येकाने कार्डावर आपल्या पात्राची एक जुनी भानगड चार ओळींत लिहायची. मग कार्ड शेजाऱ्याकडे सरकवायचं आणि त्या भानगडीत आपलं पात्र कुठे होतं, ते शेजाऱ्याने लिहायचं. मग आणखी एकदा सरकवायचं. शेवटी कार्ड तुझ्याकडे परत येतं तेव्हा तुझ्या गोष्टीत दोन माणसं घुसलेली असतात. 'फियास्को' हा खेळ तर त्याहून आगाऊ. तिथे शेजारी बसलेल्या दोघांमधलं नातं आधी ठरतं आणि माणसं नंतर. मला ते फार आवडतं, पण लांबच्या कॅम्पेनला जरा तिखट पडतं.

माझी एकच अट असते: शेजाऱ्याने लिहिलेलं थोडं अडचणीचं हवं. 'याने माझा जीव वाचवला' असं सगळेच लिहितात, आणि त्यातून उपकाराची भाषणं सोडून काही निघत नाही. 'याने माझा जीव वाचवला, आणि मी ते गावात कुणाला सांगितलं नाही' म्हटलं की खेळ सुरू.

आता होडीची गोष्ट. तू गेल्यावर आम्ही केलेलं हे कॅम्पेन, तुला अजून सांगितलेलं नाही.

आपल्याकडे १५६०च्या दशकात देव पळवले ते तू लहानपणापासून ऐकलंयस. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत पोर्तुगीज देवळं पाडत होते आणि जुवारी नदीच्या अलीकडे फोंड्याचा मुलूख आदिलशाहीत होता. म्हणजे नदी ओलांडली की सुटका. शाळेत हे दोन ओळींत संपायचं. मला मात्र नेहमी वाटायचं, त्या होडीत कोण कोण बसलं असेल? पुजारी असणारच. बाकीचे?

बस, तीच सुरुवात केली. नदी काल्पनिक, देवाचं नाव नाही. आमच्यात एक कॅथलिक मित्र आहे, त्यामुळे सेशन झिरोलाच सगळ्यांना विचारलं की हा विषय चालेल का. तो म्हणाला चालेल, आणि पहारेकऱ्याचं पात्र त्याने स्वतःहून मागून घेतलं. ज्याने होडी अडवायची, तोच आत बसलेला.

रात्र, ओहोटी, होडी नदीच्या मध्यावर. ओळख नाही, भेट नाही, होडीपर्यंत कसे आले त्याची गोष्ट नाही. फासेसुद्धा पिशवीतच. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले: तुझ्या मांडीवर काय आहे? शेजारच्याने तुला काठावर काय करताना पाहिलं? आणि तू परत का जाऊ शकत नाहीस?

आमची डॉक्टरीण म्हणाली, "माझ्या मांडीवर समई आहे. घाईत तेल ओतून टाकायचं राहिलं. लुगड्यावर सांडतंय." मग तिच्या शेजारच्या बँकवाल्याची पाळी. तो जरा थांबून म्हणाला, "मी हिला घराचं दार बाहेरून ओढून घेताना पाहिलं. आत सासरा खोकत होता." टेबलावर कुणी काही बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, "त्यांना उचलायला तू येणार होतास."

मित्रा, मी वहीत सहा पानं तयारी केली होती. ती मिटून ठेवली.

बँकवाला तुझ्या जागी आलाय आणि त्यानेही चोरच घेतला. ही परंपरा कुठून आली देव जाणे. कोंडीत सापडल्यावर त्याने तुझंच वाक्य काढलं, "मी पाण्यात उडी मारतो." मी फक्त म्हटलं, "मार." कुंभारजुव्याच्या कालव्यात आजही मगरी आहेत, हे आमच्या टेबलावर सगळ्यांनाच ठाऊक. तो दोन क्षण माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि गुपचूप वल्हं हातात घेतलं. दार नसलेली जागा निवडायची ती यासाठी.

पण होडीचंही खरं सांगतो, नाहीतर तू उद्याच सगळ्यांना होडीत बसवशील. तिसऱ्या सेशनला देव सुखरूप पोचला, गावाने जेवण घातलं, आणि पहारेकरी म्हणाला, "आता माझं काम काय?" प्रश्न बरोबर होता. संकट माणसांना एक रात्र एकत्र ठेवतं, फार तर तीन. तुरुंगातून सुटका, शेटने दिलेली कामगिरी, वादळात सापडलेलं गलबत, सगळ्यांचं तेच. कामगिरी तर सगळ्यात वाईट, पैसे मिळाले की जो तो आपल्या घरी. तिथून पुढे आम्हाला त्या कार्डांनी तारलं. सासऱ्याचा हिशोब बाकी होता. पहारेकऱ्याने होडी का अडवली नाही ते एकट्या नावाड्याला माहीत होतं, आणि नावाडी ते फुकट सांगणारा नव्हता. सहावं सेशन संपलं तरी कुणी कुणाला सोडून जायला तयार नाही, कारण प्रत्येकाचं काहीतरी दुसऱ्याकडे अडकलंय.

तेव्हा दोन्ही कर. आधी कार्डं फिरव, मग त्यांना अशा जागी ठेव जिथून निघता येत नाही.

होडी नको, ती आमची. तुम्ही तिथलंच काहीतरी काढा. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१ला, आणि तुझ्या मंडळींपैकी एकाच्या तरी आजीने ते पाणी पाहिलेलं असणार. वाड्याची गच्ची, खाली पूर, वर पाच बिऱ्हाडांतली पाच माणसं. एकाच नळावर भांडलेली, त्यामुळे एकमेकांची अंडीपिल्ली ठाऊक. शहर काल्पनिक कर, जादू घाल, गच्चीवर एखादा राक्षस चढव हवा तर. आणि आजीची गोष्ट वापरण्याआधी ज्याची आजी आहे त्याला विचार.

आणखी एक. तुझ्यासारखा एक एकलकोंडा तिथेही असणारच. त्याला समजावत बसू नकोस. सगळ्यात महत्त्वाची वस्तू त्याच्याच मांडीवर ठेव.

पुढच्या शनिवारी खेळलात की कोणी काय उत्तरं दिली ते लिही. फासे काय पडले ते नको, फक्त उत्तरं. काकूंना नमस्कार सांग. चतुर्थीला येशील तेव्हा इथेच उतर, पातळभाजी नि उंडे माझ्याकडून.

तुझा,
मास्तर

ता. क. तुझा निळा वीस बाजूंचा फासा माझ्याकडेच राहिलाय. बँकवाला तोच वापरतो आणि काल त्याला लागोपाठ तीनदा एक पडला. परत हवा असेल तर सांग, नाहीतर मी तो विहिरीत टाकतोय.