प्रमाणपत्र पाहता, खेळाडू कधी पाहणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातील दहावीचा, निकाल लागला की बेळगाव शहरातील आणि तालुक्यांच्या गावांतील पी.यू. (अकरावी-बारावीच्या) महाविद्यालयांच्या जाहिराती आपल्या अंकात झळकू लागतात. वरच्या ओळीत टक्केवारी मिळवलेल्या मुलांची छायाचित्रे, खाली नीट आणि सीईटीच्या वर्गांची माहिती आणि अगदी कोपऱ्यात ‘गुणी खेळाडूंना शुल्कात सवलत’ अशी एक ओळ, असा त्यांचा साधारण थाट असतो. खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात क्रीडाशिक्षक म्हणून माझी एकतीस वर्षे गेली. त्या कोपऱ्यातल्या एका ओळीविषयी मला काही लिहायचे आहे, कारण ती सवलत मिळवू शकतील असे निदान काही फुटबॉलपटू माझ्या हाताखालून गेले आणि त्यांतील एकालाही ती मिळाली नाही.

आपल्याकडे शालेय फुटबॉलची स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढत जाते. बेळगाव हा महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याच्या लेखी बेळगाव आणि चिकोडी असे दोन जिल्हे आहेत आणि त्यांच्या वर बेळगाव विभागात धारवाड, विजापूर, बागलकोट, गदग, हावेरी आणि कारवारकडचे संघही येतात. सामने बाद पद्धतीने होतात. म्हणजे तालुक्याला सोळा संघ आले तर पहिल्याच फेरीत आठ संघ एक सामना खेळून घरी परततात आणि त्या आठ संघांतील अठ्ठ्याऐंशी मुलांचे त्या वर्षीचे मैदान तिथेच संपते. कुस्तीत किंवा धावण्यात मुलगा आपल्या बळावर वर जातो, त्याच्या शाळेतील बाकीची मुले कशी आहेत याने काही बिघडत नाही. फुटबॉलमध्ये उरलेले दहा जण जिथे अडले तिथे अकरावाही अडतो. शहरातील मोठ्या शाळांकडे मैदान आहे, प्रशिक्षक आहेत, फादर एडी चषकासारख्या जुन्या आंतरशालेय स्पर्धेची परंपरा आहे, त्यामुळे त्यांचे संघ पुढे जाणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. परंतु आमच्या भागातील मराठी शाळांचा पट वर्षागणिक घसरत चालला आहे. आठवी ते दहावी मिळून साठ-सत्तर विद्यार्थी, त्यांत निम्म्या मुली, राहिलेल्या मुलांतले काही दम्याचे, काही चष्म्याचे आणि काही घरून ‘खेळायचे नाही’ अशी ताकीद घेऊन आलेले. अशा शाळेत अकरा जणांचा संघ उभा करणे हीच मुळात क्रीडाशिक्षकाची वर्षाची कमाई असते.

काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधील तालुका पातळीवरील एक सामना सांगतो. जांबोटी-कणकुंबीकडचा आमचा पाऊस वाचकांना ठाऊक आहे. घरोघरी रोप लावणी चालू असल्याने दोन मुले आलीच नव्हती आणि उंच आहे एवढ्याच कारणाने मी आठवीतला एक मुलगा गोलात उभा केला होता. मैदानाच्या मध्यापासून उजव्या बाजूला तांबड्या पाण्याचे मोठे डबके साचले होते. दोन्ही संघांतील मुले चेंडू पायाने ढकलत त्या डबक्यात शिरत होती, चेंडू पाण्यात अडकत होता आणि मागून येणाऱ्यांचा त्यावर ढीग पडत होता. आमचा मध्यरक्षक, दहावीतला, अंगाने किरकोळ, पहिली पाच मिनिटे हे नुसते पाहत राहिला. त्यानंतर चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा त्याने तो डाव्या पायाच्या चवड्याने खालून अलगद उचलला आणि डबक्यावरून पलीकडे, थेट उजव्या कडेच्या मुलाच्या पुढ्यात टाकला. पहिल्या अर्ध्या डावात त्याने हे चार वेळा केले. चारही वेळा कडेच्या मुलाने मारलेला फटका खांबावरून गेला, त्याला तो बिचारा तरी काय करणार. तो मुळात खो-खोचा खेळाडू. सामना शून्य-शून्य सुटला आणि टायब्रेकरमध्ये आम्ही चार-तीन असे हरलो. आमच्या तिनांतला एक गोल या मुलाचा होता. पंचांनी शिट्टी खिशात टाकत मला विचारले, ‘सर, तो डाव्या पायाचा कुणाचा?’ मी गाव सांगितले. ते ‘हं’ म्हणाले आणि पुढच्या सामन्याला लागले. त्यांचाही काही दोष नाही. त्यांच्या हातातील कागदावर गोल, पिवळे कार्ड आणि विजयी संघ एवढेच लिहायला जागा होती.

पुढच्या जूनमध्ये मी त्याला घेऊन एका महाविद्यालयात गेलो. महाविद्यालयाचे नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या ठिकाणी वेगळे उत्तर मिळाले असते असे मला वाटत नाही. क्रीडा विभागाच्या टेबलामागील गृहस्थांनी सौजन्याने बसायला सांगितले आणि पहिलाच प्रश्न केला, ‘स्टेटचे सर्टिफिकेट आहे का? निदान डिव्हिजनचे?’ आमच्याकडे तालुका स्पर्धेत भाग घेतल्याचा कागद होता. मी म्हणालो, ‘बाहेर मैदान आहे, मुलाने पिशवीतून बूट आणले आहेत, दहा मिनिटे उतरवून पाहा.’ त्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते मी आजवर विसरलो नाही. ते म्हणाले, ‘सर, तुमचे बरोबर आहे, पण खेळ फाईलला लावता येत नाही.’ तो मुलगा आज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत पाळीने काम करतो. घर चालवतो, आनंदात आहे, हेही मुद्दाम नमूद करतो, कारण त्याची कहाणी रडगाणे म्हणून वाचली जावी अशी माझी इच्छा नाही. सुटीच्या दिवशी गावोगावच्या स्पर्धांत तो खेळतो आणि लोक अजूनही मला येऊन सांगतात की तुमचा तो डावरा काय खेळतो!

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा तो लांबट चेंडूचा खेळ, आपला नव्हे. परंतु तिकडे महाविद्यालयांचे प्रशिक्षक हायस्कूलच्या मैदानांवर मुले हेरत फिरतात आणि शिष्यवृत्ती देऊन घेऊन जातात, हे त्याच्याकडून ऐकताना मला आपल्या तालुका स्पर्धेतील रिकाम्या खुर्च्या आठवत होत्या. एवढी यंत्रणा असूनही तिथेही चांगले खेळाडू नजरेतून सुटतात. कॅलिफोर्नियातील फायरबॉ नावाच्या लहानशा शेतीप्रधान गावातील जॉश अ‍ॅलन या शेतकऱ्याच्या मुलाला हायस्कूल संपताना पहिल्या श्रेणीच्या एकाही विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो जवळच्या रीडली येथील दोन वर्षांच्या महाविद्यालयात गेला, तिथे खेळला आणि देशभरातील प्रशिक्षकांना स्वतः ई-मेल पाठवत राहिला. शेवटी वायोमिंग विद्यापीठाने त्याला घेतले. २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२४ च्या हंगामात त्यांच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो निरीक्षकांच्या डोळ्यांखालून निसटला, असे तिकडचे लोक म्हणतात. आपल्याकडे असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण निसटायला आधी कुणाचे डोळे तरी मैदानावर असावे लागतात.

त्या गोष्टीतील दोन वर्षांचे महाविद्यालय मला अधिक महत्त्वाचे वाटते. एकदा हुकलेल्या मुलाला पुन्हा खेळण्याची आणि पुन्हा कुणाच्या तरी दृष्टीस पडण्याची ती दुसरी संधी होती. आपल्याकडेही पी.यू.ची दोन वर्षे तशीच संधी होऊ शकतात. प्रत्यक्षात हायस्कूलच्या सतरा वर्षांखालील स्पर्धेतील मुलगा पी.यू.त गेला की त्याची पाटी कोरी होते. तिथला क्रीडा विभाग वेगळा, स्पर्धा वेगळी, पूर्वीच्या शिक्षकाचे मत विचारण्याची पद्धत नाही. विज्ञान शाखेत असेल तर सकाळी सहापासून क्लास आणि संध्याकाळी पुन्हा क्लास, म्हणजे मैदानाचा प्रश्नच मिटला. त्यातून जे तरतात त्यांच्यातून पुढे विद्यापीठाचा संघ निवडला जातो. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या दक्षिण विभागात केरळच्या संघांसमोर उभा राहतो तेव्हा आपली मुले कमी का पडतात, याची चर्चा दरवर्षी होते. ती चर्चा जांबोटी, बैलूर, उचगाव येथल्या मैदानांपासून सुरू व्हायला हवी, असे माझे मत आहे.

आपल्याच जिल्ह्यातील निपाणीहून कोल्हापूर चाळीस-एक किलोमीटर आहे, बेळगाव त्याहून लांब आणि बेंगळुरू तर आमच्याकडूनच पाचशे किलोमीटर. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या दोन स्थानिक संघांचा सामना असला की गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, हे सीमाभागातील प्रत्येक फुटबॉलप्रेमीने पाहिले आहे. त्याच कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्या गुणांना वाट मिळाली ती पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, जिथे लहान वयातच मुलांच्या शारीरिक चाचण्या घेऊन निवड केली जाते. असे उदाहरण शोधायला फार लांब जायलाही नको. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातील बॉईज स्पोर्ट्स कंपनीत मुले घेताना त्यांना आधी धावायला आणि उड्या मारायला लावतात. सैन्याच्या फाईलला जे लावता येते ते महाविद्यालयांच्या फाईलला का लावता येऊ नये, हे मला आजवर उमगलेले नाही.

मुलींविषयी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. एवढेच सांगतो की, जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे त्यांचा बसप्रवास विनामूल्य झाला आणि ‘तिकिटाला पैसे नाहीत’ ही पालकांची अडचण संपली. आता सामना लांबला की शेवटची बस चुकते, ही एकच अडचण उरली आहे. सामने दुपारच्या आत घेतले तर तीही सुटेल.

आणखी एक गोष्ट जरा जपून लिहितो, कारण ती भाषावादात ओढली जाण्याची भीती आहे. निवड चाचण्यांची परिपत्रके कन्नडमध्ये येतात. राज्यकारभाराची ती भाषा आहे, हे मान्य. पण आमच्या भागातील पुष्कळ पालकांना ती वाचता येत नाही आणि शाळेत ती वाचून दाखवणारा माणूस त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेला असला की मुदत टळून जाते. माझ्या डोळ्यांदेखत असे दोनदा घडले. संबंधित महाविद्यालयांनी आणि क्रीडा संघटनांनी चाचणीची तारीख, ठिकाण आणि वयाची अट एवढ्या तीन ओळी मराठी वृत्तपत्रांतूनही दिल्या, तर कुणाचे काय बिघडणार आहे? २०२३ च्या मार्चमध्ये कर्नाटकाने रियाधमध्ये मेघालयाला हरवून तब्बल ५४ वर्षांनी संतोष चषक ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा जिंकली तेव्हा आमच्या गावातील मुलांनीही फटाके लावले होते. त्या संघात जाण्याची इच्छा मराठी मुलाला असू शकते, एवढे गृहीत धरावे.

माझी मागणी खर्चाची नाही. तालुका आणि जिल्हा पातळीवरील प्रत्येक सामन्याला दोन जाणत्या माणसांनी बसावे आणि हरलेल्या संघांतील उठून दिसणाऱ्या मुलांची नावे, ते कोणत्या जागी खेळतात यासह, लिहून ठेवावीत. एकेकाळी खेळलेले आणि आता रविवारी बेळगावच्या लेले मैदानाच्या कठड्यावर बसणारे कितीतरी लोक हे काम एका चहावर करतील. ती यादी महाविद्यालयांनी मे महिन्यात मागून घ्यावी आणि प्रवेशाआधी एका सकाळी सर्वांसाठी खुली चाचणी ठेवावी. महाराष्ट्र शासन सीमाभागातील ८६५ गावांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सवलत देते, त्याच आपुलकीने कोल्हापूर आणि गडहिंग्लजच्या महाविद्यालयांनी आपल्या चाचण्यांचे निमंत्रण इकडेही पाठवावे. कुस्तीगीर खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. आजच्या प्राचार्यांकडे कुणी घर मागत नाही. त्यांनी आपल्या क्रीडा संचालकांना एक सकाळ मोकळी करून द्यावी.

मी निवृत्त झालो असलो तरी तालुक्याचे सामने पाहायला जातो आणि जाताना वही नेतो. गेल्या पावसाळ्यातील सात नावे तीत आहेत: दोन गोलरक्षक, एक डावा बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि नववीतील एक मुलगी, जी मुलांच्या संघातही आघाडीला सहज खेळू शकेल. सातांपैकी एकाचीही शाळा जिल्ह्यापर्यंत पोहोचली नाही. ज्या महाविद्यालयाला ही यादी हवी असेल, त्याने आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत मला कळवावे. मी वही घेऊन येईन आणि मुलांना बूट घेऊन यायला सांगेन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ता. खानापूर