बर्गनच्या बखारी आणि आमची जिनिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावची जुनी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, पाडायला परवा जेसीबी लागला. तिथं म्हणे मंगल कार्यालय होणार. होऊ द्या. पण कापसाचा वजनकाटा भंगाराच्या गाडीत चढताना दिसला, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात, पेरणीच्या आधी, लेकीकडे नॉर्वेत बर्गनला जाऊन आलो. आम्ही आभाळाकडे डोळे लावून बसणारी माणसं, आणि तिथं वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस! छत्री मिटायची सोय नाही. नॅरोयफ्योर्डही बोटीतून पाहिला. समुद्राचं पाणी डोंगरांत घुसलेलं, एके ठिकाणी जेमतेम अडीचशे मीटर रुंद, दोन्हीकडून कड्यांवरून धार. सहस्रकुंडचा धबधबा श्रावणात पाहिलेला माणूस मी, तरी गप्प झालो.

पण मन अडकलं ते बंदरावरच्या ब्रिग्गेनमध्ये. लाकडी बखारींची ओळ. मागं अरुंद बोळ, पायाखाली फळ्या, वर पुढं आलेले सज्जे, आणि सगळं एका अंगाला कललेलं, पावसात भिजलेल्या कडब्याच्या गंजीसारखं. 1702 साली जळालं, तर जुन्याच धाटणीवर पुन्हा उभारलं. 1955 मध्ये परत काही भाग जळाला. उरलेलं जपलं, आणि 1979 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं.

इथं 1360 च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांच्या हॅन्सा संघानं पेढी घातली. माल म्हणजे उत्तरेकडून येणारा, मीठ न लावता वाऱ्यावर सुकवलेला कॉड मासा. (आमची मंडळी माळकरी. ती मासळीबाजारातून नाकाला पदर लावूनच गेली.) कोळ्यांना धान्य उधार मिळायचं आणि फेड पुढच्या हंगामाच्या मासळीतून. उधारी फिटायची नाही, म्हणून माल दुसऱ्याला देता यायचा नाही. जावई हे सांगत होता आणि मला आमची जिनिंग दिसत होती. पावसाळ्यात घरातली ज्वारी संपली की बाप तिथल्याच पेढीवरून पायली-दोन पायल्या आणायचा आणि दिवाळीनंतर कापसाची बंडी तिथंच नेऊन सोडायचा. भाव विचारायची टाप नव्हती.

त्या लोकांनी बखारी ठेवल्या आणि ही उधारीची गोष्टही ठेवली. आपल्याकडे दोन्ही एकाच ट्रॉलीत भरून चाललंय.

इमारत वाचेल असं वाटत नाही. निदान तो काटा आणि माळ्यावरच्या जुन्या वह्या नगर परिषदेनं वाचनालयाच्या एका खोलीत ठेवाव्यात. बापाची 1968 सालची हिशेबचिठ्ठी माझ्याजवळ आहे. ज्वारीची उधारी, व्याज, तोलाई, हमाली, कडता वजा जाता हाती रुपये 41. खाली बापाचा अंगठा. ती मी द्यायला तयार आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
जि. यवतमाळ