एमआरआय विभागातल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण वाचलंत तर ओळखाल.

बाबांच्या लिव्हरचा एमआरआय तुम्ही केलात. त्याआधी जिथे जिथे गेलो तिथे पहिला प्रश्न ठरलेला : “किती पिता?” बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मधुमेह आहे, पोट सुटलंय. एवढ्यानेही लिव्हरमध्ये चरबी साठते, हे डॉक्टरांना माहीत नसतं का? एकाने तर “खरं काय ते सांगा” म्हणत आईकडे बघितलं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. दुसऱ्याने सोनोग्राफी बघून “फॅटी लिव्हर, सगळ्यांनाच असतं” म्हणत फाईल परत सरकवली. चरबी किती, लिव्हर कडक होतंय का, याबद्दल चकार शब्द नाही.

तुमच्यासमोरही बाबा अंग चोरूनच बसले होते. तुम्ही बरगड्यांवर बांधायची ती चपटी गोल चकती आधी त्यांच्या तळहातावर ठेवलीत आणि वर बोटांनी टकटक केलीत. “काका, ही अशी थरथरेल. दुखणार नाही. ही थरथर मऊ लिव्हरमधून सावकाश जाते, कडक लिव्हरमधून भरभर. मशीन तेवढंच मोजतं.” बाहेर रांग होती, तरी बाबांनी ती चकती उलटसुलट करून बघेपर्यंत तुम्ही थांबलात. इतक्या महिन्यांत त्यांच्या आजाराबद्दल कोणी थेट त्यांच्याशी बोललं, ते तेव्हा पहिल्यांदा.

रिपोर्टमध्ये चरबी 18 टक्के आली. 5 च्या वर गेली की जास्तच. कडकपणा 3.2 किलोपास्कल, निरोगी लिव्हरचा साधारण अडीचच्या आत असतो. म्हणजे व्रण धरायला सुरुवात झालीय, पण सगळं लिव्हर व्रणांनी भरून जातं तो सिरॉसिस नाही. बायॉप्सीत तपासायला सुईने जो तुकडा काढतात त्यात लिव्हरचा जेमतेम 50 हजारावा भाग येतो, इथे मोठा भाग बघून झाला. नव्या डॉक्टरांनी बायॉप्सी तूर्त नको म्हटलं आणि वजनाचं मनावर घ्यायला सांगितलं. बाबांनी खरंच घेतलंय.

घरी येऊन त्यांनी नातवाच्या हातावर बशी ठेवली आणि टकटक करत त्याला सगळं समजावलं. आजाराची लाज वाटणारा माणूस आजार समजावून सांगत होता! ताई, हे तुमच्यामुळे. रांग लागलेली असताना एका घाबरलेल्या म्हाताऱ्याला दोन मिनिटं देणारी माणसं प्रत्येक दवाखान्यात असोत.

पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन आहे. बाबा आत्तापासूनच विचारतायत, तुमची ड्यूटी कोणत्या वारी असते?