माझ्या वाट्याचं संमतीपत्र

धानोरी, पुणे
सप्टेंबर २०२५

ती. आई आणि ती. अण्णा यांना सुनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. विषय निघाला की अण्णा फोन आईच्या हातात देतात, आई रडायला लागते आणि मग मी औषधं घेतलीत का, जेवलात का, एवढंच विचारून ठेवून देते. म्हणून पत्र. अण्णा, चष्मा लावून स्वतः वाचा, दादाला वाचायला लावू नका. तो वाचता वाचता चिडेल आणि निम्मं राहूनच जाईल.

पुरंदरच्या विमानतळासाठी माझ्या नावावरच्या एकराचं संमतीपत्र मी दिलं. भूसंपादनाच्या कार्यालयात स्वतः जाऊन दिलं. यांनी मला काही भरवलेलं नाही, गावात कुणी तसं म्हणालं तर ऐकून घेऊ नका. उलट हेच म्हणत होते, अण्णांना आधी विचार. मी विचारलं नाही, कारण तुम्ही ‘नको’ म्हटल्यावर सही करणं माझ्याच्याने झालं नसतं. आणि आई, पितरांच्या पंधरवड्यात जमिनीच्या कागदाला हात लावला म्हणून तू जिवाला लावून घेशील, हे मला माहीत आहे. संमतीची मुदत या दिवसांतच संपत होती. आजोबांचं पान वाढलंस तेव्हा त्यांच्यापुढे माझं नाव घेऊन सांगितलं असतंस, तरी ते रागावले नसते असं मला वाटतं. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून त्यांनी ही जमीन राखली. पण नातवंडांनी ती कवटाळूनच बसावं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

तुम्ही तो एकर माझ्या नावावर केलात तेव्हा चुलत्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मुलीला जमीन म्हणजे जावयाच्या घशात जमीन, असं ओसरीवर बसून बोलले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, तलाठ्याकडे जाऊन नोंद करून आलात आणि सातबारा माझ्या हातात ठेवून म्हणालात, तुझं तू बघ. तेवढ्या एका गोष्टीवर मी सासरी आजवर ताठ मानेने राहिले आहे, अण्णा. त्या एकराचा निर्णय घेताना माझ्या मनाला किती पीळ पडला असेल, तो तुम्हालाच कळेल.

आता का दिलं ते सांगते. इथे शहरात बसून रोज काय ऐकते, तेही सांगते, कारण तिकडे सभेत फक्त आपल्या बाजूचं बोलणं कानावर पडतं.

आमच्या ऑफिसात परदेशी जाणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं, पुण्याला स्वतःचा विमानतळ आहेच कुठे? लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, अडीच किलोमीटरची. लढाऊ विमानांचे सराव सांभाळून उरलेल्या वेळात प्रवासी विमानं उतरायची. वर्षाला कोटीच्या घरात माणसं ये-जा करतात, पण लांब पल्ल्याचं मोठं विमान इथून भरून निघत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी पंधरवडाभर सगळी विमानं बंद होती, अख्खं शहर मुंबईच्या रस्त्याला लागलं होतं. गेल्या वर्षी नवीन टर्मिनल झालं, बसायला जागा झाली, काचा चकचकीत झाल्या. धावपट्टी तेवढीच राहिली.

आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात, लवकर जाऊ दे तो विमानतळ पुरंदरला, आमचे कान सुटतील. आई, तू दिवाळीत आली होतीस तेव्हा सुखोई गेलं आणि तुझ्या हातातलं ताट खाली पडलं होतं, तसं त्यांचं रोजचं. मी त्यांना सांगते की प्रवासी विमानं गेली तरी हवाई दल लोहगावलाच राहणार, सुखोई काही कुठे जात नाही. ते ऐकत नाहीत. टॅक्सीवाला दादा वेगळंच बोलतो. त्याची निम्मी कमाई रात्री बाराला निघून पहाटे मुंबईच्या विमानतळावर माणसं सोडण्यातली. खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला की गाडीत बसलेल्यांचा जीव टांगणीला लागतो, हे सांगणाराही तोच. आणि बरेच जण असंही म्हणतात की नवी मुंबईचा विमानतळ सुरू व्हायच्या बेतात आहे, मग पुरंदरची सुपीक जमीन कशाला घालवायची? या शेवटच्या म्हणण्यात दम आहे, मी बराच विचार केला त्यावर. पण नवी मुंबई झाली तरी घाट उतरायचाच आहे. चाकण, रांजणगाव, हिंजवडी, खराडी एवढं वाढलेलं शहर दुसऱ्या शहराच्या दारात उभं राहून किती दिवस काढेल? विमानतळ हवा असं मलाही मनापासून वाटतं. तुमच्यापुढे मी खोटं बोलणार नाही.

फक्त एका बोलण्यावर मी चिडले. डबा खाताना एक बाई म्हणाल्या, काय मजा आहे पुरंदरच्या शेतकऱ्यांची, कोट्यधीश होणार, तरी अडून बसलेत. मी डबा बंद केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, माझे वडील त्यांतले एक आहेत, त्यांच्या अंजिराच्या बागेचं वय माझ्याएवढं आहे. मे महिन्यात ड्रोनचा सर्व्हे झाला तेव्हा सत्तरी ओलांडलेली माणसं उन्हात रानात उभी होती, लाठ्या चालल्या, ती पैशासाठी उभी नव्हती. त्या गप्प झाल्या. पण त्यांच्यासारखं बोलणारे इथे खूप आहेत, आणि ते आपल्या बाजूने कधी बोलणार नाहीत, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

अण्णा, तुम्ही दरवेळी म्हणता ते मी विसरलेले नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच वर्षी विमानतळाची जागाही पुरंदरला जाहीर झाली. अंजीर झाडावरून उतरलं की दोन दिवसांत मऊ पडतं, त्याला विमानच हवं. आणि विमानाला नेमकी अंजिराचीच जागा हवी. याला माझ्याकडे उत्तर नाही. विमानतळात जाणारी खानवडी म्हणजे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव, तेही तुम्ही सांगता, आणि ते ऐकताना माझी मान खाली जाते.

पण जागा हलेल या आशेवर आपण किती वर्षं काढली? आधी चाकण, मग राजगुरुनगर म्हणत होते, तिकडे विरोध झाला. मग आपली सात गावं. मध्ये रिसे, पिसे, पांडेश्वरकडे न्यायची बोलणी झाली, तुम्ही जेजुरीला जाऊन भंडारा उधळून आलात. पण ज्यांची जमीन जाणार ती तिकडची माणसंही आपल्यासारखीच रडत होती ना? नंतर ते बारगळलं आणि फिरून आपल्याच गावांवर आलं. तुमच्या सगळ्यांच्या लढण्याने काहीच झालं नाही असं मुळीच समजू नका. सात हजार एकरांचं क्षेत्र तीन हजारांवर आलं, ते तुम्ही रस्त्यावर बसलात म्हणून. दुसऱ्या कशाने आलेलं नाही. मात्र आता बहुतेकांनी संमती दिली आहे. संमती देणाऱ्याला त्याच्या जमिनीच्या दहा टक्के विकसित भूखंड मिळणार आहे, उरलेल्यांची जमीन सक्तीने गेली तर तो लाभ हातचा जातो. माझ्या चाळीस गुंठ्यांचे दहा टक्के म्हणजे चार गुंठे. ते चार गुंठे मी विकणार नाही. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमिनी विकून टाकल्या नाहीत, एकत्र करून आपलं नगर उभं केलं, त्यांची मुलं आज त्याच जमिनीवर मालक आहेत. आपल्याकडे पैसा आला की आधी दारात गाडी येते आणि दोन वर्षांत गाडीच उरते, ते आपण पाहिलंय. माझ्या चार गुंठ्यांवर तुमचं आणि दादाच्या मुलांचं नाव लागेल, हे मी यांना आत्ताच सांगून ठेवलंय.

तुमच्या वाट्याचं तुम्ही ठरवा. देऊ नका वाटलं तर देऊ नका, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. दरासाठी भांडायचं असेल तर मात्र मी तुमच्या पुढे उभी राहीन. विहीर, पाइपलाइन, शेततळं, एकेक झाड मोजून घ्यायचं. मोजणीला माणसं येतील तेव्हा मला कळवा, मी रजा काढते. अंजिराचं झाड आणि बांधावरची बाभूळ एका रकान्यात जाता कामा नये.

पहाटेची तोडणी मला अजून आठवते. अंधारात पानाखाली हात घालून फळ चाचपायचं, देठ दुमडून हलकेच मोडायचा, पांढरा चीक बोटांवर यायचा आणि दिवसभर खाज सुटायची. आई माझ्या बोटांना गोडंतेल चोळायची. पाटीच्या तळाशी अंजिराचीच पानं घालायची, वर एकेक फळ, देठ खाली करून. अण्णा, तुम्ही फुटलेलं फळ बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, हे विकायचं नसतं, हे लेकीचं. सोमवती अमावस्येला जेजुरीला पालखी कऱ्हेवर जायची तेव्हा तुमच्या खांद्यावर बसून मी सगळी गर्दी बघितली आहे, तुमच्या टोपीत भंडारा भरला होता मी. तुमचे ते खांदे आता दुखतात आणि तुम्ही मला सांगत नाही, आई सांगते.

आता पुढचं नीट ऐका. आम्ही सासवडला राहायला येतो आहोत. जागा बघून ठेवली आहे, तळमजला, जिना नाही, पुढे छोटं अंगण. दोन खोल्या आमच्या, एक मोठी तुमची. संडास कमोडचा आहे, अण्णांच्या गुडघ्यांना ते बरं. आई, चूल मांडायला मागच्या बाजूला जागा आहे, मी मुद्दाम विचारून घेतलं, घरमालकीणबाई हो म्हणाल्या. तुळस, जातं, देव्हारा सगळं येईल. पाणी एक दिवसाआड येतं पण टाकी मोठी आहे. सोपानकाकांचं मंदिर चालत जाण्यासारखं आहे, हरिपाठ चुकणार नाही. पालखी मुक्कामाला आली की वारकऱ्यांना पिठलं-भाकरी आपल्याच अंगणात घालू. माझं ऑफिस आठवड्यातून थोडे दिवसच जावं लागतं, दिवे घाटाचा त्रास मी सोसेन, हे हडपसरला उतरतील. ओवीची शाळा पुढच्या वर्षी तिकडेच. तुम्ही आजच घर सोडा असं मी म्हणत नाही. शेतावरचं घर उभं आहे तोवर तिथेच राहा, गाय आहे, दादा आहे. फक्त अडीनडीला तुमची लेक घाटाच्या अलीकडे असेल, एवढंच.

तोवर एवढं करा. अण्णा, रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. मागच्या महिन्यात तुम्ही तेच केलंत, आईने मला सांगितलंय, तिच्यावर ओरडू नका. रात्री वीज आली म्हणून मोटार चालू करायला एकट्याने विहिरीवर जायचं नाही, दादाला उठवा. सभेला जायचं तर जा, मी अडवत नाही, पण उन्हात बसायचं नाही, टोपी आणि पाण्याची बाटली घ्यायची आणि भाषण करायला उठायचं नाही. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर, तारीख मी घेते, या वेळी सबब चालणार नाही. आई, तू नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणार, ते मी सांगून थांबणार नाहीस. पण निदान ताक आणि राजगिऱ्याचा लाडू पोटात जाऊ दे. साखरेची गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस, डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. कंबरेला पट्टा लाव, तो खुंटीला टांगायला आणलेला नाही.

अण्णा, रागावला असाल तर रागवा. माझ्याशी थोडे दिवस बोलला नाहीत तरी मी समजून घेईन, पण जेवण सोडू नका आणि दादाशी माझ्यावरून वाद घालू नका. त्याचं मन वेगळं आहे, त्याला शेत सोडून दुसरं काही येत नाही, त्याच्या बाजूने मला आधी विचार करायचाय. पैसे आले तर त्याला बारामतीच्या बाजूला किंवा कुठेही पाणी असलेली जमीन घ्यायला माझा वाटा मी देईन. हेही मी त्याला अजून सांगितलेलं नाही, तुम्ही सांगा, तुमच्या तोंडून ऐकेल.

रविवारी सकाळी आम्ही येतोय. सीताफळं डोळा उघडलेलीच तोडा, पिकलेली वाटेत फुटतात. ओवीला गर काढून द्यायचा असतो, बिया गिळते ती. आणि अण्णा घरी नसतील तर मी विहिरीवर येऊन भेटेन.

तुमची,
सुनंदा

ता. क. सातबाऱ्याचे आणि फेरफाराचे उतारे दोन-दोन प्रतींत काढून पत्र्याच्या पेटीत ठेवायला दादाला सांगा. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, एजंट कितीही ओळखीचा निघाला तरी.