मुलांच्या पोटगीचा हिशेब कोकणातल्या कमाईच्या रीतीने व्हावा: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: घटस्फोटानंतर मुलांच्या पोटगीची रक्कम ठरवण्यासाठी राज्याने जाहीर मोजमाप आखण्याबाबत.

महोदया,

सविनय नमस्कार. घटस्फोटानंतर मूल आईकडे राहिले, तर वडिलांनी त्याच्यासाठी किती रक्कम द्यावी, याचे आकड्यात उत्तर देणारी तरतूद आपल्या कायद्यात नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 ने हा निर्णय न्यायालयाला योग्य वाटेल तसा करण्यावर सोडला आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 नेही दंडाधिकाऱ्यांना योग्य वाटेल तेवढी मासिक रक्कम ठरवण्याचा अधिकार दिला आहे. 'पगाराचा पाव हिस्सा मिळतो ना?' असे विचारत पक्षकार येतात, तेव्हा समजावून सांगावे लागते की तो पंचवीस टक्क्यांचा उल्लेख 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातला असून तो पत्नीच्या पोटगीविषयी होता. मुलांसाठी तशी टक्केवारी कुठेही ठरलेली नाही.

न्यायाधीशांचा विवेक असावा, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु विवेकाला आधार लागतो तो खऱ्या उत्पन्नाचा, आणि आमच्या किनारपट्टीवर नेमके तेच कागदावर सापडत नाही. वडील शिक्षक किंवा बँकेत नोकरीला असतील, तर पगारपत्रक मागवले की निम्मे काम होते. बहुतेक दाव्यांत मात्र समोर असतो तो होडीवरचा खलाशी, कराराने बागा घेणारा आंबा व्यापारी, रिक्षा चालवून पर्यटनाच्या हंगामात घरात पाहुणे ठेवणारा गृहस्थ, नाहीतर काही महिने बोटीवर आणि काही महिने गावी असणारा दर्यावर्दी.

खलाशाचेच उदाहरण घेऊ. अनेक होड्यांवर मासळीच्या विक्रीतून डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. हा हिशेब होडीमालकाच्या वहीत असतो. ती वही न्यायालयात येत नाही, आली तरी त्यात पूर्ण नावे नसतात, आणि मालक साक्षीला येण्याची शक्यता फारच थोडी. मग खलाशी शपथेवर महिना आठ हजार सांगतो, पत्नी चाळीस हजार सांगते, आणि न्यायालयाला या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अंदाजाने आकडा धरावा लागतो. आंब्याचीही तीच गत. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बागायतदाराच्या विवरणपत्रावरून त्याची ऐपत ठरत नाही. सातबारा काढावा तर त्यावर आजोबांच्या वारसांची वीस नावे सामायिक, आणि 'माझ्या वाट्याला काहीच येत नाही' हे उत्तर तयार. झाडे मात्र दरवर्षी तोच उतरवतो आणि पेट्या वाशीला तोच पाठवतो.

सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र दोन्ही बाजूंना सक्तीचे केले. हे प्रकरण आपल्याच राज्यातले. त्या निकालात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुनाही दिला आहे. वाट्यावर समुद्रात जाणाऱ्या माणसासाठी तसा नमुना नाही. या निर्देशांचे पालन होत नसल्याचे 2023 मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, आणि तेही एका मुलाच्याच पोटगीच्या प्रकरणात. तालुक्याच्या ठिकाणी आजही शपथपत्रातले निम्मे रकाने 'लागू नाही' असे लिहून भरले जातात.

ब्रिटनमध्ये पालकांचे आपसात जमले नाही, तर हे काम एक सरकारी यंत्रणा करते. कर खात्याकडच्या नोंदीवरून ती साप्ताहिक उत्पन्न घेते आणि मूळ दराने, म्हणजे आठवड्याला 800 पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर, एका मुलासाठी 12, दोघांसाठी 16 आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी 19 टक्के धरते; मूल देणाऱ्या पालकाकडे जितक्या रात्री राहते, त्या मानाने रक्कम कमी होते. आई आणि वडील दोघांनाही घरबसल्या आकडा काढता येतो, हे मला मोलाचे वाटते. पण ती टक्केवारी जशीच्या तशी उसनी आणून आपले भागणार नाही, कारण तिच्यामागे उत्पन्नाची नोंद आहे आणि आपल्याकडे तीच नाही.

दुसरी अडचण 'दरमहा' या अटीची आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर. वह्या, गणवेश, दप्तर, रेनकोट आणि शिकवणीचे आगाऊ पैसे असा मुलाचा वर्षातला सगळ्यात मोठा खर्च येतो, तेव्हाच वडिलांची कमाई शून्यावर आलेली असते. जून-जुलैचे हप्ते थकतात, आईला वसुलीचा अर्ज करावा लागतो, वॉरंट निघते, आणि कायद्याप्रमाणे त्या थकबाकीसाठी माणसाला तुरुंगातही जावे लागू शकते. हाच हिशेब वर्षाचा धरून मेअखेर, हातात पैसा असताना, मोठा हप्ता ठरवून दिला, तर मुलाची फी वेळेवर भरली जाईल आणि वडीलही थकबाकीदार ठरणार नाहीत. आपला मतदारसंघ श्रीवर्धनचा आहे; 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने तिथल्या नारळी-पोफळीच्या बागा कशा भुईसपाट केल्या, हे मी आपल्याला सांगायला नको. म्हणूनच उत्पन्न एका वर्षाचे नव्हे, तर तीन वर्षांच्या सरासरीने धरावे, असे मला वाटते. त्यात बापावर अन्याय नाही आणि एका वाईट हंगामाचे निमित्त करून मुलाची रक्कम कायमची कमी करून घेण्याची वाटही त्यात बंद होते.

विवाह, घटस्फोट, अज्ञान (अल्पवयीन) मुले आणि फौजदारी प्रक्रिया हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, येतात. कलम 144 मध्ये महाराष्ट्रापुरती दुरुस्ती करून वार्षिक हिशेब आणि हंगामी हप्ते यांची तरतूद करता येईल. त्यासाठी राष्ट्रपतींची संमती लागेल, पण ती वाट राज्याला नवी नाही. त्याच दुरुस्तीत मुलाची रक्कम आईच्या पोटगीपासून वेगळी लिहिण्याचे बंधन असावे, म्हणजे आईला नोकरी लागली की मुलाच्या रकमेलाही कात्री लावण्याचा युक्तिवाद उभा राहणार नाही. दरवर्षीची वाढ मूळ आदेशातच असावी. आज पहिलीतल्या मुलासाठी ठरलेली रक्कम तो आठवीत गेला तरी तीच राहते, कारण वाढीसाठी कलम 146 खाली नवा अर्ज, नव्या तारखा आणि मजुरी बुडवून तालुक्याला खेपा, हे बहुतेक आयांना झेपत नाही.

कायदा बदलेपर्यंतही आपल्या खात्याला एक काम करता येईल. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आपल्याच खात्याचे आहेत, आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या दोघांच्या मदतीने मासेमारी, आंबा-काजू आणि पर्यटन या तीन व्यवसायांतल्या उत्पन्नाचा तपशील विचारणारी मराठी प्रश्नावली तयार करून घ्यावी: होडी कोणाची, वाटा किती, बर्फ कुठून घेता, पेट्या कोणत्या दलालाकडे जातात, उचल किती घेतली. असे नेमके प्रश्न शपथेवर विचारले गेले, तर 'लागू नाही' लिहून सुटता येणार नाही. येत्या हंगामाच्या आत ही प्रश्नावली रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत वापरात यावी, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
कोकणातील तालुका न्यायालयांत पोटगीचे दावे चालवणारी एक वकील