बेरेझोव्हचे तीन पाहुणे

मा. संपादक,
रविवार पुरवणीतला मेन्शिकोव्हवरचा लेख वाचला. रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याचा उजवा हात, १७०९च्या पोल्टाव्हा लढाईतला सेनानी, सेंट पीटर्सबर्गचा पहिला गव्हर्नर आणि अखेर सैबेरियातल्या बेरेझोव्ह गावी हद्दपार. इथवर ठीक. पण लेखकाने ‘गर्वाचे घर खाली’ म्हणून विषय मिटवला, ते पटले नाही.

मेन्शिकोव्ह धुतल्या तांदळासारखा नव्हताच. अफरातफरीच्या चौकशा खुद्द पीटरनेच लावल्या होत्या. पण गर्व काय शेवटच्याच वर्षी चढला? १७२५ साली पीटर गेला तेव्हा यानेच पलटणी उभ्या करून पीटरची राणी कॅथरीन हिला गादीवर बसवले. १७२७च्या मे महिन्यात तीही गेली, तर गादीवर आलेल्या पीटरच्या नातवाशी, अकरा वर्षांच्या दुसऱ्या पीटरशी, आपल्या मुलीचा, मारियाचा साखरपुडा उरकून टाकला. मग उन्हाळ्यात याने अंथरूण धरले आणि तेवढ्यात पोराचे कान भरले गेले. सप्टेंबरात अटक! सगळा कारभार एका पोराच्या मर्जीवर, तिथे आजारी पडायचीही सोय नाही.

मेन्शिकोव्हची बायको सैबेरियाच्या वाटेतच वारली. रशियन चित्रकार सुरिकोव्हने १८८३ साली काढलेले चित्र बघा: ठेंगणी खोली, गोठलेली खिडकी, टेबलाभोवती तीन मुले, थोरली मारिया काळ्या कोटात बापाला बिलगलेली. बाप उठला तर डोके छताला आपटेल. १७२९मध्ये तो गेला, पाठोपाठ मारियाही.

मी टपाल खात्यातला. उभी हयात पत्ते वाचण्यात गेली, म्हणून माझे लक्ष गावाच्या नावाकडे. मेन्शिकोव्हला हटवून दोल्गोरुकोव्ह हे सरदार घराणे वर आले, त्यांनीही आपली मुलगी त्याच पोराला देऊ केली. १७३०च्या जानेवारीत राजा देवीने गेला, अॅना गादीवर आली आणि दोल्गोरुकोव्हांची रवानगी झाली बेरेझोव्हला! मेन्शिकोव्हचा काटा काढण्यात राजाचा शिक्षक ओस्टरमान पुढे होता. पुढे सम्राज्ञी एलिझाबेथच्या राज्यात १७४२ साली तोही बेरेझोव्हलाच पोचला, १७४७मध्ये तिथेच मेला.

आम्हा रत्नागिरीकरांना हद्दपारी नवी नाही. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६पासून इथे होता, १९१६ साली इथेच वारला. पण त्याला धाडणारा इंग्रज काही मागाहून थिबा पॅलेसात मुक्कामाला आला नाही. (त्या वास्तूच्या डागडुजीबद्दल वेगळे पत्र लिहीन.)

तेव्हा पुढचा लेख ओस्टरमानवर येऊ द्या. आणि सुरिकोव्हचे ते चित्र छापलेत तर रंगीत छापा; काळ्या-पांढऱ्यात मारियाचा कोट अंधारात मिसळून जातो.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, रत्नागिरी